हनुमंताच्या लिफ्टचा डावा खांब

दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी जरा तिरकी दिसली, की गॅरेजवाला आधी गाडीकडे बघतो, मग खांबाकडे, आणि मग मला फोन लावतो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गॅरेजांना लिफ्ट बसवून देणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं, हा माझा धंदा होता. आता गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे घरी असतो. पण अजूनही रस्त्याने जाताना एखाद्या गॅरेजात वर चढवलेली गाडी दिसली, की माझी मान आपोआप एका बाजूला कलते. बायको म्हणते, "अहो, सरळ बघा. लोकांना वाटेल मान धरली."

ज्यांनी ही लिफ्ट कधी जवळून पाहिली नाही, त्यांना थोडक्यात सांगतो. जमिनीत बोल्टांनी घट्ट आवळलेले दोन लोखंडी खांब. प्रत्येक खांबाच्या पोटात वरखाली सरकणारा एक जाड लोखंडी भाग असतो, त्याला आम्ही कॅरेज म्हणतो. प्रत्येक कॅरेजला दोन लांब हात, आणि हातांच्या टोकाला रबर लावलेल्या थाळ्या. गाडी मधोमध उभी करायची, चारी थाळ्या तिच्या पोटाखाली ठरलेल्या जागी आणायच्या आणि बटण दाबायचं. गाडी वर. दोन्ही कॅरेज वायररोपने एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणजे एक वर निघाली की दुसरीला जावंच लागतं. जोडीतल्या बैलांसारखं आहे ते. एक पुढे आणि दुसरा मागे राहिला की गाडा वाकडा. वर जाताना ठरावीक अंतरावर दोन्ही खांबांत लॉक पडतं आणि 'खट्' असा आवाज होतो. डाव्याचा आणि उजव्याचा खट् एकदम आला पाहिजे. एक आधी आणि दुसरा मागून आला, तर समजायचं की वायररोप एका बाजूला ढिला झालाय. मग नट आवळायचे, पुन्हा गाडी चढवायची, पुन्हा कान लावायचा. माझ्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान जास्त झिजले.

पण गाडी तिरकी बसायला एवढंच कारण नसतं. चारातली एखादी थाळी जास्त फिरवून उंच केलेली असते. थाळी भलत्याच जागी लावलेली असते. कधी गाडीच्याच स्प्रिंगचा एक पाटा बसलेला असतो, आणि लिफ्ट बिचारी बदनाम होते. आणि कधी गाडीत काय ठेवलंय ते मालक सांगत नाही.

वरकुट्याचे एक वस्ताद होते. तालमीत पोरं घडवायचे. त्यांची गाडी लिफ्टवर घेतली की मागची उजवी बाजू हटकून खाली. गॅरेजवाल्याने मला बोलावलं. मी वायररोप बघितला, थाळ्या बघितल्या, सगळं जागच्या जागी. शेवटी वस्तादांना विचारलं, "गाडीत काही जड आहे का?"

"काय न्हाय," वस्ताद म्हणाले. "जरासं व्यायामाचं सामान हाय."

डिकी उघडली तर आत दगडी गोळे, दगडाचं एक कडं, आणि गोणपाटात गुंडाळलेला एक लाकडी ओंडका. मी आणि गॅरेजवाला मिळून तो ओंडका उतरवत होतो तर आमचे पाय लटपटायला लागले. वस्तादांनी तो आमच्या हातातून एका हाताने काढून घेतला आणि म्हणाले, "ह्ये काय जड हाय व्हय?"

असो. वस्तादांचं निदान सोपं होतं. ज्या लिफ्टने मला खरं दमवलं ती हनुमंताची.

हनुमंताचं गॅरेज अंथुर्ण्याच्या शिवारात, रस्त्याला लागून. पूर्वी तिथे त्यांचा गोठा होता. हनुमंत बारामतीत गाड्यांचं काम शिकून आला आणि वडिलांना म्हणाला, मला गोठ्याची जागा द्या. वडील म्हणजे तात्या. उसाचे जुने बागायतदार, कारखान्याचे सभासद, आणि बोलण्यात उसाच्या पाचटासारखे. नीट हात लावला नाही तर कापणार. त्यांनी जागा दिली, पण मनातून दिली नाही. गॅरेज सुरू झालं तरी तात्या आत पाऊल टाकत नसत. बांधावर उभं राहून बघत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हितं माझ्या म्हशी बांधल्याल्या असायच्या. आता लोकांच्या गाड्या बांधल्यात. दूध काय देत न्हाईत."

लिफ्ट मीच बसवली. फरशीचं काँक्रीट हनुमंताने गावातल्या गवंड्याकडून आधीच करून घेतलं होतं. मी जाडी बघितली, ओळंबा लावून खांब उभे केले, बोल्ट आवळले. पहिली गाडी वर गेली आणि दोन्ही लॉक एकदम पडले. हनुमंताने पेढे वाटले. तात्यांनी बांधावरूनच हात पुढे करून पेढा घेतला.

नंतर फोन सुरू झाले.

"मिस्त्री, गाडी वाकडी बसतीय. डावी बाजू अडकतीय."

मी म्हणायचो येतो, पण हातात दौंड-फलटणची कामं असायची. तिथे पोचायला पंधरा-वीस दिवस सहज लागायचे. गेलो की बघावं तर लिफ्ट सरळ. गाडी चढवली तर सपाट. पाण्याचा ग्लास ठेवला असता तरी सांडला नसता. हनुमंत खांबाभोवती फेऱ्या मारायचा आणि म्हणायचा, "आवो, तवा वाकडी व्हती. आईशप्पथ."

मी म्हणायचो, "असेल."

पुन्हा फोन. पुन्हा मी जाईपर्यंत सगळं ठीक. डॉक्टर दारात आला की ताप उतरावा तसला हा रोगी. मी वायररोप बदलून दिला. कॅरेजच्या आत सरकायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्याही बदलल्या. तेल बदललं. काही फरक नाही, कारण मी असताना बिघाडच नाही. मधल्या काळात गावाने आपापलं निदान केलं होतं. कुणी म्हणालं, खांबांची तोंडं चुकीच्या दिशेला आहेत. कुणी म्हणालं, गोठ्यातल्या म्हशीचा तळतळाट आहे. तात्यांना विचारलं तर म्हणायचे, "रान रानाच्या कामाला लावावं. मी काय बोलत न्हाय."

एवढं बोलून ते जवळपास अर्धा तास बोलायचे.

मग तो दिवस आला. इंदापुरात एका ठिकाणी माझं काम चाललं होतं, आणि हनुमंताचा फोन आला. मी म्हटलं, आज हा रोगी तापात सापडलाच पाहिजे. हातातलं काम सोडलं आणि मोटरसायकलवर टांग टाकली.

पोचलो तर घरासमोर रांगोळी. हनुमंत इस्त्रीचा शर्ट घालून, पण हाताला ग्रीस. म्हणाला, "मिस्त्री, जरा गडबड हाय. सारिकाला बघायला पाव्हणं येत्यात, सांगवीचं. तुमी तुमचं बघून घ्या."

सारिका ही त्याची धाकटी बहीण. जवळच्या एका रोपवाटिकेत कामाला होती. भाजीपाल्याची रोपं तयार करणं, कलमं करणं, गिऱ्हाइकांना ट्रे मोजून देणं, सगळं तिच्याकडे.

मी ओळंबा काढला आणि डाव्या खांबाला लावला. वर खांबाला चिकटलेली दोरी खाली येईपर्यंत दोन बोटं लांब. खांब आतल्या बाजूला झुकला होता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतक्या दिवसांनी चोर रंगेहाथ सापडला होता. मी हनुमंताला दोरी दाखवली आणि म्हणालो, "तुझं खरं होतं बाबा. आता कारण कळेपर्यंत हिच्यावर गाडी चढवायची नाही. खांब झुकलाय, कॅरेज आत अडकेल."

"न्हाय चढवत," तो म्हणाला.

तेवढ्यात पाहुणे आले. नवी कोरी पांढरी गाडी. गाडीतून उतरले सांगवीचे आबा, पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरी टोपी. त्यांच्या मागून त्यांच्या घरची मंडळी, आणि शेवटी नवरा मुलगा, नितीन. आबांची सांगवीला भाजीची शेती. ढोबळी मिरची आणि कलिंगडं करायचे. उतरता उतरता आबा म्हणाले, "गाडी तेवढी खालनं खडखड करतीय बगा. नवी हाय, पण काय तरी वाजतंय."

हे ऐकून हनुमंताच्या अंगात गॅरेजवाला संचारला. बहिणीला बघायला आलेल्या लोकांपुढे आपली लिफ्ट दाखवायची याहून चांगली संधी कुठली. तो म्हणाला, "तुमी पोहं खावा, तवर बघतो."

मला तात्यांनी घरात ओढलं. "मिस्त्री, पाव्हण्यांसंगं दोन घास खावा. खांब कुठं पळून जातोय." मी पोह्यांची ताटली हातात घेतली. पहिला घास तोंडात, आणि बाहेरून मोटरचा आवाज आला. मी उठणार, तर तात्यांनी हाताला धरून खाली बसवलं. मी मोजत नव्हतो, पण कान मोजत होते. खट्. मागून दुसरा खट्. मग बराच वेळ नुसता वारा. आणि मग एकच खट्, दुसरा आलाच नाही.

मी ताटली टाकून पळालो. माझ्या मागे सगळं पाहुणेमंडळ.

हनुमंताने गाडी डोक्याच्या वर नेली होती, खडखड करणारी पट्टी आवळली होती, आणि गाडी खाली घेताना डावी कॅरेज झुकलेल्या खांबात अडकून बसली होती. उजवी खाली सरकली, ती वायररोपने तोलून धरली. आता गाडी हवेत एका कुशीवर कललेली, उजवी बाजू वीतभर खाली. त्या पांढऱ्या गाडीखाली उभं राहून हनुमंत वर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगही गाडीसारखाच झाला होता.

"बाहेर ये," मी म्हणालो.

तो खालून बाहेर आला. तेवढ्यात गाडीच्या आतून आवाज आला. गुड्-गुड्-गुड्-गुड्. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. शेवटी धप्. पाहुण्यांतली एक बाई दुसरीला धरून मागे सरकली. मीही दोन पावलं मागे आलो, कारण लिफ्टमधून असला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

आबा हळूच म्हणाले, "कलिंगड हाय. तुमच्यासाठी आणल्यालं."

कुणालाच हसू आलं नाही. नवी गाडी, मुलगी बघायचा कार्यक्रम, आणि मुलीच्या भावाने गाडी अशी टांगलेली. हनुमंताच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. त्याने कोपऱ्यातला मोठा हातोडा उचलला आणि म्हणाला, "खालनं डाव्या हाताला एक दणका दिला की सुटंल."

मी ओरडायच्या आत तो गाडीखाली वाकला होता. आणि माझ्या आधी नितीन पुढे झाला. त्याने हनुमंताच्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर मागून धरली आणि त्याला ओढून बाहेर काढलं. शर्टाचं वरचं बटण तुटून गाडीखाली गेलं.

"सोडा वो, तुमचीच गाडी हाय," हनुमंत म्हणाला.

"पडली तर पडू द्या," नितीन म्हणाला. "माणूस खाली जायचा न्हाय."

मग त्याने आबांकडे बघितलं. आबांनी आपल्या नव्या गाडीकडे बघितलं. टोपी नीट केली आणि म्हणाले, "व्हय. बरोबर हाय."

सारिका दारात उभी होती. पाहुण्यांसमोर यायची वेळ झाली नव्हती, पण एवढ्या गोंधळात वेळ कोण बघतो. तिने हे सगळं बघितलं.

मी मोटरचा वीजपुरवठा बंद केला. आता प्रश्न असा होता की डाव्या कॅरेजला मोकळं करायला मला खांबाजवळ जाऊन काम करावं लागणार, आणि त्याआधी गाडीखाली काहीतरी भरभक्कम आधार पाहिजे. गाडी घसरलीच तर त्या आधारावर टेकेल. माझ्याकडच्या लोखंडी घोड्या बुटक्या होत्या, आणि त्या लावायच्या म्हणजे पुन्हा कुणालातरी खाली जावं लागणार. कुणी खाली न जाता आधार आत कसा सरकवायचा?

तात्या बांधाकडच्या बाजूला उभे होते. म्हणाले, "ट्रॉली घालू का?"

"कशी?"

"उलटी. टायर रचून."

मला त्यांचा बेत कळला. उसाची ट्रॉली, तिच्यावर गॅरेजमधले ट्रॅक्टरचे जुने टायर रचायचे, आणि ट्रॅक्टरने मागे मागे ढकलत ती दोन खांबांच्या मधून गाडीखाली न्यायची. दोन्ही बाजूंना हातभरच जागा. मी म्हणालो, "तात्या, खांबाला धक्का लागला तर सगळंच खाली येईल."

"कारखान्यावर उसाच्या रांगंत ट्रॉल्या उलट्या लावून माझी हयात गेली," तात्या म्हणाले. "फकस्त हात सारिका दाखवंल. दुसऱ्या कुणाचा हात मला कळत न्हाय."

हे खरंच होतं. उलट्या ट्रॉलीला मागून हात दाखवणं हे सारिकाचं लहानपणापासूनचं काम. दुसरं कुणी दाखवायला गेलं की तात्या म्हणायचे, ह्यो बस थांबवतोय का ट्रॉली. तेव्हा नवी साडी नेसलेली सारिका पदर खोचून पुढे आली आणि खांबांच्या मागे, गाडीपासून लांब जाऊन उभी राहिली. हनुमंत आणि नितीनने ट्रॉलीवर टायर रचले.

या तयारीत आबा दिसेनासे झाले. नवी गाडी अशी टांगलेली बघवेना, म्हणून ते गॅरेजच्या मागे उसाकडे तोंड करून उभं राहायला गेले होते. थोड्या वेळाने परत आले ते एकाच पायात चप्पल घेऊन. दुसरा पाय गुडघ्यापर्यंत काळा. पांढरी विजार अर्धी काळी, अर्धी पांढरी.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमचा खांब पाण्यात हुबा हाय."

"काय म्हणता?"

"मागं भिंतीला लागून उसाची सरी हाय. पाट आल्याला दिसतोय, पाणी भिंतीला टेकलंय. माझी चप्पल तितंच ऱ्हायली."

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. पण त्या वेळी डोक्यावर गाडी होती, म्हणून मी फक्त मान हलवली.

तात्यांनी ट्रॅक्टर सुरू केला. सारिकाने हात वर केला. हात डावीकडे कलला की ट्रॉली कलायची, हात थांबला की ट्रॉली थांबायची. तात्या मागे वळून फक्त त्या हाताकडे बघत होते, गाडीकडे एकदाही नाही. ट्रॉली खांबांच्या मधून सरकत गेली. एकदा सारिकाने तळहात उभा धरला, तेव्हा उजव्या बाजूला चार बोटंसुद्धा उरली नव्हती. तिने दोन बोटांनी पुढे घ्या म्हणून सांगितलं. तात्यांनी ट्रॉली जराशी पुढे ओढली आणि पुन्हा मागे आणली. टायरांचा ढीग गाडीच्या पोटाखाली बरोबर येऊन थांबला. ट्रॅक्टर बंद झाला.

आबा एका पायावर उभे राहून हे बघत होते. ते घरच्या मंडळींना म्हणाले, "मुलगी बघून झाली माझी."

पुढचं काम माझं होतं आणि ते तसं सरळ होतं. आधार आत आल्यावर मी खांबाजवळ गेलो. मोटर चालू करून उजवी बाजू जराशी वर घेतली, दोन्हीकडचा भार सारखा केला. डाव्या कॅरेजच्या पट्ट्यांत तेल सोडलं, बाहेरून लांब सळईने ठोकत ठोकत ती हलवली. दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला ती कुरकुरत सुटली. वर घेतली, खाली घेतली, पुन्हा वर. मग दोन्ही लॉक एकदम पडले. तो जोडीचा खट् ऐकून मला जे वाटलं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. ट्रॉली बाहेर काढली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि गाडी हळूहळू जमिनीवर आणली. चाकं टेकली. आबांनी डिकी उघडली. कलिंगड फुटलं नव्हतं.

ते कलिंगड कापून खात खात आमची बैठक गॅरेजच्या मागे बसली. मी भिंतीमागची सरी बघितली. मागच्या फरशीला लागूनच पाणी. रान काळं. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आवळते, तिला भेगा पडतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण मी आयुष्यभर लोखंड बघितलं. भिंतीच्या पलीकडे बघायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. उजवा खांब जुन्या गोठ्याच्या मुरमाच्या भरावावर उभा होता, पक्का. मागच्या भिंतीलगतच्या डाव्या खांबाखाली गवंड्याने काळ्या मातीवरच काँक्रीट ओतलेलं. पाटाला पाणी आलं की माती फुगायची, काँक्रीटची मागची कड उचलायची आणि खांब आत झुकायचा. पाणी बंद होऊन रान सुकलं की खांब परत सरळ. आणि मी नेमका त्या वेळी तिथे पोचणार.

आबा म्हणाले, "माझ्या रानात भाजीची शेड बांधली तवा आसंच झालं. पावसाळ्यात दार लागायचं न्हाय, उन्हाळ्यात उघडायचं न्हाय. शेवटी खालची काळी माती उकरली आन मुरूम भरला."

"पण इतक्या जवळ सरी कशाला काढली?" मी तात्यांना विचारलं.

तात्या कलिंगडाच्या बिया एकेक करून टाकत होते. मग म्हणाले, "गॅरेजात माझं रान गेलं. म्हणलं, एक सरी तरी परत घ्यावी."

हनुमंत काही बोलणार होता. आबांनी त्याच्या हातात कलिंगडाची फोड ठेवली आणि म्हणाले, "बरूबर हाय तात्यांचं. एक सरी म्हंजी काय थोडा ऊस न्हाय. पर ती सरी तुमच्या लेकीच्या सासऱ्याच्या गाडीवर आली बगा."

अजून बोलणी झाली नव्हती, मानपान ठरलं नव्हतं, आणि आबांनी स्वतःला सासरा म्हणून टाकलं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी ते तात्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बिया टाकायचं थांबवलं आणि आत हाक मारली, "चहा टाका."

सारिकाला मी नंतर एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "काका, मी ह्यांना आधीच वळकत होते. आमच्या रोपवाटिकेत यायचे. ट्रेमधलं एकेक रोप बघणार, एक जरी पिवळं दिसलं तरी बदलून मागणार. मी मनात म्हणायचे, ह्या कटकट्याच्या घरात कुणाची पोरगी जाईल? आन तोच माणूस नव्या गाडीला पडली तर पडू द्या म्हणाला. तितंच ठरलं माझं."

लग्नाआधी हनुमंताने लिफ्ट उतरवून सगळी फरशी फोडली. डाव्या बाजूची काळी माती मुरूम लागेपर्यंत उकरून काढली, मुरूम भरून चोपला, आणि मी सांगितलं तसं दोन्ही खांबांखालून सळईचा एकच अखंड पाया घातला. तात्यांनी भिंतीजवळची सरी स्वतः मोडली. नुसती मोडली नाही, पाणी भिंतीकडे येऊ नये म्हणून मध्ये खोल चर काढला. काम चालू असताना ते गवंड्याच्या डोक्यावर उभे असायचे. "ओलं न्हाय ना ऱ्हायलं? बघ, नीट बघ. माझ्या पोरीच्या घरची गाडी हाय."

पुढचं पाटपाणी आलं तेव्हा तात्यांनीच मला फोन केला. "मिस्त्री, उद्या सकाळी पाणी सोडतोय. तुमचा ओळंबा घेऊन या."

मी गेलो. डाव्या खांबाला दोरी लावली. तात्यांनी उसात पाणी सोडलं आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्या गॅरेजात खुर्ची घेऊन बसले. पाणी रानभर हिंडत होतं. आम्ही दोघं चहा पीत दोरीकडे बघत होतो. दुपार झाली, जेवणं झाली. मी म्हणालो, माती लगेच फुगत नाही, मी चार दिवसांनी परत येतो. चार दिवसांनी गेलो. तात्या त्याच खुर्चीवर. दोरी खांबाला जशी चिकटली होती तशीच.

"हलला न्हाय," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान किती आणि निराशा किती हे मला अजून सांगता येत नाही.

"नाही हलला."

"मग एखादी गाडी तरी चढवा की."

गॅरेजात त्या वेळी गिऱ्हाइकाची गाडी नव्हती. हनुमंत म्हणाला, "तात्या, तुमची जीप घेऊ का?"

तात्यांची जुनी जीप बाभळीखाली उभी असायची. खत, बेणं, मजूर, पाइप, सगळं तिच्यातून जायचं. तिच्या पोटाखाली आजवर कुणी डोकावलं नव्हतं. तात्यांनी आधी लिफ्टकडे, मग जीपकडे बघितलं आणि म्हणाले, "घे. पर हळू."

हनुमंताने थाळ्या लावल्या, बटण दाबलं. जीप उचलली गेली. खट्, आणि दोन्ही बाजूंचा एकच. पुन्हा तसाच एक. जीप अगदी सपाट उभी राहिली. मी कान आणि डोळे दोन्ही लावून बघत होतो. एवढ्यात जीपच्या पोटाला वर्षानुवर्षं चिकटलेल्या चिखलाचा एक मोठा पोपडा सुटला आणि खाली पडला. मागून दुसरा. मग हनुमंताने लांब सळईने जरा खरवडलं, तर ढेकळांचा पाऊसच पडला. नव्या फरशीवर काळ्या मातीचा चांगला ढीग झाला.

हनुमंत झाडू आणायला वळला.

"थांब," तात्या म्हणाले. खुर्चीवरून उठले, ढिगाजवळ गेले, एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं. "माझी माती हाय ही. कचऱ्यात टाकायची न्हाय."

मग कोपऱ्यातलं घमेलं त्यांनी स्वतः ओढून आणलं, हनुमंताकडून ती सगळी माती त्यात भरून घेतली, फरशीच्या सांध्यातलीसुद्धा झाडून घेतली, आणि घमेलं डोक्यावर घेऊन, चर ओलांडून, उसात नेऊन ओतलं.